भिंतीतल्या कपाटात रोपं लावायची आहेत: दिवे ठरलेत, बाकीचं सांगा

पानवेल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

घरातलं एक भिंतीतलं कपाट रिकामं झालंय. ९० सेंमी रुंद, ५५ खोल, २१० उंच. खालच्या कप्प्यात पांघरुणं राहतील, वरचे दोन कप्पे माझे, प्रत्येकी साधारण ७० सेंमी उंचीचे. तिथे मोहरी-मुळ्याचे मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं), थोडं लेट्यूस, पालक, बेझिल आणि जमलंच तर टोमॅटोची रोपं करायची आहेत. बाल्कनी नाही. घर भाड्याचं, त्यामुळे कपाटाला भोकं पाडता येणार नाहीत.

दिव्यांचं जवळजवळ ठरलंय. जांभळ्या उजेडाचं एक पॅनेल बघितलंय, खोक्यावर १००० वॅट लिहिलंय. ते एका कप्प्याला पुरेल ना? आणि आतून चंदेरी फॉइल लावू की पांढरा रंग?

साशंक
खिडकी नाही का घरात? फुकटचा सूर्य सोडून कपाटात दिवे कशाला लावायचे, हे मला खरंच कळत नाही.

पानवेल
@साशंक, खिडकी आहे हो. पण समोरच्या इमारतीची भिंत हात लांब केला तर लागेल. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता मोबाइलच्या अ‍ॅपने उजेड मोजला, भर दुपारी ३०० लक्स.

खटपट्या
३०० लक्स म्हणजे झाडाच्या हिशेबात संध्याकाळच. उघड्यावर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. खिडकीचा विषय इथेच संपवू.

आता ते पॅनेल. खोक्यावरचे १००० वॅट हा जाहिरातीचा आकडा आहे, "अमुक जुन्या दिव्याच्या तोडीचा" अशा अर्थाचा. मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात तो प्रत्यक्षात किती वीज ओढतो ते लिहिलेलं असतं. अशा पॅनेलवर मी १०० ते १५० च्या आसपासचे आकडे पाहिलेत. तेवढाच वाचा, बाकी सगळी सजावट.

वॅट म्हणजे आपण किती वीज देतो. झाडाला किती उजेड पोचतो त्याचं माप वेगळं, पीपीएफडी. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचे किती कण पडतात ते, मायक्रोमोलमध्ये. मायक्रोग्रीन्स आणि कोवळ्या रोपांना १०० ते २०० पुरतात, लेट्यूसला २०० च्या आसपास हवेत, बेझिलला त्याहून जास्त दिले तर ते खूश. मोजायचं यंत्र महाग, पण पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागलं की कामापुरता अंदाज येतो. म्हणजे १४,००० लक्स दिसले की २०० झाले समजा. मोबाइलचा आकडा शंभर टक्के खरा नसतो, पण ट्रेचा मध्य आणि कोपरा यातला फरक तो बरोबर दाखवतो.

मी तुमच्या जागी असतो तर साध्या पांढऱ्या एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या, घेतल्या असत्या. दोन फुटी, १० वॅटच्या, सहा नग. ९० सेंमीच्या कप्प्यात आडव्या आरामात बसतात. एक गेली तर एकच बदलायची.

नवी_पालवी
पण झाडांना लाल आणि निळाच उजेड लागतो ना? हिरवा परत फेकतात म्हणून तर पानं हिरवी दिसतात. शाळेत असंच शिकलोय.

अवकाशवेडा
अर्धं खरं आहे. वेगळ्या काढलेल्या हरितद्रव्याचं शोषण बघितलं तर लाल-निळ्याचेच उंचवटे दिसतात. पण अख्ख्या पानावर मोजमापं झाली, त्यातली मॅक्री यांची १९७२ च्या सुमाराची सगळ्यात प्रसिद्ध. त्यात दिसलं की हिरवा उजेडही पान चांगलाच वापरतं. थोडाच परत फिरतो, आपल्या डोळ्याला तेवढाच दिसतो. उलट हिरवा पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत झिरपतो.

जांभळी पॅनेलं आली कारण लाल आणि निळे एलईडी विजेचा उजेड करण्यात तेव्हा सरस होते. आता पांढराही मुळात निळाच एलईडी असतो, वर पिवळसर लेप दिलेला. त्या निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, आणि आज आपण त्याखाली मुळा उगवतोय!

खटपट्या
शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का, डाग आलाय का, काहीच दिसत नाही. सगळंच काळं. मला तर अर्ध्या तासात डोकं धरतं.

काकदृष्टी
कपाटात, दार लावून, दिव्याखाली... ताई, नक्की मुळाच ना? 😄

पानवेल
@काकदृष्टी, मुळाच. फार तर मोहरी.

@खटपट्या, जांभळं पॅनेल रद्द. सहा बॅटन घेते. फॉइलचं राहिलं.

खटपट्या
पांढरा मॅट रंग. चांगला पांढरा रंग ८५ ते ९० टक्के उजेड परत देतो आणि सगळीकडे सारखा पसरवतो. फॉइल चुरगळते, कुठे ठिपक्यासारखा प्रखर उजेड तर कुठे सावली. वर ती वीजवाहक, बॅटनच्या टोकांशी कशाला खेळ. घरमालकाला रंग चालणार नसेल तर पांढरे पुठ्ठे उभे करा, नुसते टेकवून.

आणि एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. साठ वॅट अख्ख्या कप्प्यावर पसरू नका. कप्पा अर्धा चौरस मीटर आहे. त्यावर सहा बॅटनचे मिळून ६००० ल्युमेन (दिव्यांतून निघणारा एकूण उजेड) पसरले तर वाया जाणारा धरून साडेआठ हजार लक्स मिळतील, म्हणजे १२० मायक्रोमोल. तेच ट्रे मधोमध ६० बाय ४५ मध्ये दाटीने मांडून पांढरे पुठ्ठे अगदी कडेला उभे केले तर पंधरा हजारांच्या वर जाल, म्हणजे २२० च्या आसपास. दिवे तेच, वीज तीच. बॅटन पानांपासून १५-२० सेंमीवर ठेवा आणि साखळीला टांगा, रोपं वाढली की वर घेता येतात.

मृद्गंध
बराच वेळ वाचतेय. दिव्यांवर वीस प्रतिसाद होतील, ते होऊ देत. पण पानवेल, मला एक सांग. तू रोज त्या कपाटात पाणी घालणार. ते जाणार कुठे?

पानवेल
मुळांत? 🙈 म्हणजे झाडं पितील ना, ताई.

मृद्गंध
पितात, आणि पानांवाटे हवेत सोडतात. झाड जे पाणी उचलतं त्यातलं अंगात ठेवतं ते फारच थोडं, बाकी जवळजवळ सगळं वाफ होऊन बाहेर. वर मातीतून उडतं ते वेगळं. दोन ट्रे भरून मायक्रोग्रीन्स आणि चार कुंड्या, मिळून अर्धा लिटर रोजचं धर. ते अर्धा लिटर कपाटाच्या हवेत येणारच, त्यातून सुटका नाही.

आता हवेत किती मावतं ते बघ. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरते. तुझे वरचे दोन कप्पे मिळून ०.७ घनमीटर. म्हणजे १६ ग्रॅम. त्यातली निम्मी जागा खोलीतल्या दमटपणाने आधीच भरलेली. उरले आठ ग्रॅम, दीड चमचा पाणी! तू घालणार अर्धा लिटर. दार बंद असेल तर उरलेलं सगळं प्लायवूडमध्ये, भिंतीवर आणि खालच्या कप्प्यातल्या पांघरुणांत.

मी रोपवाटिकेत बरीच वर्षं काढलीत. बंद जागेत उजेड कमी पडून रोपं वाईट होतात, मरत नाहीत. मरतात ती कोंडलेल्या हवेने.

साशंक
हेच म्हणत होतो. कपाटं कपड्यांसाठी असतात.

खटपट्या
ताईंनी मुद्दा काढलाच आहे तर उष्णतेचाही हिशेब करून टाकतो. बॅटन ६० वॅटच्या म्हणजे शेवटी ६० वॅटचा हीटरच. उजेड झाला तरी तो पानांवर, पुठ्ठ्यांवर आपटून उष्णताच होतो. कपाट खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त तापू द्यायचं नसेल तर तासाला किती घनमीटर हवा बदलायची? वॅट भागिले (०.३३ गुणिले ३). म्हणजे ६०. वाफेसाठी एवढी लागत नाही. खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल आणि कपाटात ७० च्या आत ठेवायची असेल, तर ताईंच्या अर्ध्या लिटरला तासाला साडेचार-पाच घनमीटर पुरतात. उष्णतेची सोय केली की वाफेची आपोआप होते.

संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा मोकळ्यावर ८०-९० घनमीटर फेकतो, जाळी आणि वळणं आली की निम्म्यावर येतो. एक लावून बघा, कमी पडला तर दुसरा. १२ व्होल्टचा अडॅप्टर लागेल, वीज दोन-तीन वॅट.

पानवेल
पण भोक?

खटपट्या
दाराचं एक पान बिजागरीतून काढा आणि पलंगाखाली ठेवा. त्या मापाची पोकळ प्लॅस्टिकची शीट घ्या, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती. ब्लेडने कापली जाते. वरच्या टोकाला पंखा, बाहेर फेकणारा. खालच्या टोकाला हवा आत यायची फट, पंख्याच्या भोकापेक्षा मोठी. घर सोडताना दार परत लावलं की झालं.

खालची फट पांघरुणांच्या कप्प्यात उघडू नका. मधल्या फळीच्या वर ठेवा.

मृद्गंध
आणि पानांमधून हवा खेळवायला आत एक छोटा पंखा, अगदी हळू. पानं जेमतेम हलली पाहिजेत, फडफडायला नकोत. हलणाऱ्या रोपाचा बुंधा जाड होतो. पंखा नसेल तर येता-जाता रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरव, तोही उपयोगी पडतो.

नवी_पालवी
दिवे किती तास? मी २४ तास चालू ठेवायचा विचार करत होतो, लवकर वाढतील म्हणून.

मृद्गंध
नको. टोमॅटोला सतत उजेड दिला तर पानं पिवळी पडतात. १४ ते १६ तास पुष्कळ झाले.

खटपट्या
दिवसभराच्या उजेडाची बेरीज बघायची. पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६, उत्तर मोलमध्ये. २२० आणि १४ तास म्हणजे ११ मोल. लेट्यूसला १२ ते १७ असतील तर भरगच्च होतं, ११ लाही होतं, जरा सैलसर. पानवेल यांच्या खिडकीतला आकडा काढला तर ०.२ मोलसुद्धा येत नाही. 😀

एक टायमर लावा. आणि विजेचं नीट वाचा, इथे गंमत नको. पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घरात आहे का ते बघा, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघा. बोर्ड कपाटाच्या बाहेर, उंचावर. जमिनीवर किंवा ट्रेच्या पातळीखाली नाही. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या लोंबत्या भागातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. एक्स्टेन्शनची गुंडाळी सोडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. आणि बॅटनवर, अडॅप्टरवर काहीही पांघरून ठेवायचं नाही.

अवकाशवेडा
माती की पाणी? मी बरण्यांत क्रॅट्की पद्धतीने लेट्यूस करतो. पंप नाही, काही नाही. खतपाणी एकदाच भरायचं, पातळी उतरत जाते तशी वरची मुळं हवेत उघडी पडतात. बरणीला काळा कागद गुंडाळायचा, नाहीतर शेवाळं.

मृद्गंध
लेट्यूसला छान. पहिल्यांदा करताना मात्र कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बरं. चुका झाल्या तरी पोटात घालतं. धुऊन घे, मीठ असतं त्यात. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये अन्न नसतं, कुंड्यांना तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळ. मायक्रोग्रीन्सना खताची गरजच नाही, बीच पुरतं. सात ते चौदा दिवसांत ते कापूनही होतात.

पानवेल
(नऊ दिवसांनी)
झालं! शीट बसवली, पंखा वर, फट मधल्या फळीच्या वर. सहा बॅटन, पांढरे पुठ्ठे. ट्रेच्या मधोमध १६,२०० लक्स, कोपऱ्यात १०,९००. आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं घड्याळ आत ठेवलंय. दुपारी २९ अंश, ७० टक्के. खोलीत २६. म्हणजे खटपट्या, तुमचे तीन अंश तंतोतंत!

टायमर १६ तासांवर लावलाय. एकाच टायमरवर दिवे आणि पंखा दोन्ही टाकले, सुटसुटीत.

मुळा दुसऱ्याच दिवशी फुटला. पण बियांभोवती पांढरी लव दिसतेय. बुरशी का?

मृद्गंध
पाण्याचा हलका फवारा मार. लव दिसेनाशी झाली तर ते मुळांचे केस, मुळ्यात फार स्पष्ट दिसतात. फवाऱ्यानंतरही कोळ्याच्या जाळ्यासारखं ट्रेवर पसरलेलं दिसलं तर बुरशी.

पानवेल
दिसेनाशी झाली! धन्यवाद ताई.

पानवेल
(पंधरा दिवसांनी)
मंडळी, वाईट बातमी आहे.

पहिला मुळा उत्तम निघाला. त्या नादात दुसऱ्या खेपेला बी जास्तच दाट टाकलं आणि लेट्यूस, टोमॅटोही पेरले. काल सकाळी बघते तर टोमॅटोची अकरा रोपं मानेशी चिमटल्यासारखी होऊन आडवी. दार उघडलं की बारीक काळी चिलटं तोंडावर येतात. आणि आज पांघरूण काढलं तर कुबट वास. कपाटाची मागची भिंत हाताला चक्क ओली लागते. घरात माझी जी काय अब्रू होती ती गेली.

दुपारी घड्याळ अजूनही ७० च दाखवतं. मग ओल येते कुठून?

साशंक
मी काही बोलत नाही.

(पण पांघरुणं आजच बाहेर काढा. उन्हात नाही तर पंख्याखाली वाळवा आणि त्या कप्प्यात परत ठेवू नका.)

खटपट्या
रात्रीचा आकडा बघितलात का? त्या घड्याळात दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा साठवलेला असतो, बटण दाबून बघा.

पानवेल
९९.

खटपट्या
सापडलं. माझीच चूक, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही लिहिलं होतं आणि मी वाचून पुढे गेलो. पंखा दिव्यांच्या टायमरवर आहे. दिवे विझले की पंखाही बंद.

दुपारी २९ अंशांची, ७० टक्के दमट हवा. दिवे विझले, पंखा थांबला, कपाट थंड होत होत २३ वर आलं. वाफ तेवढीच, पण थंड हवा धरते कमी. २३ अंशांना तीच हवा जवळजवळ शंभर टक्के भरते. त्यात मातीतून आणखी पाणी उडतच असतं. मागची भिंत बाहेरच्या बाजूची असणार, सगळ्यात थंड तीच, म्हणून दव तिच्यावर. रोज आठ तास.

पंखा टायमरवरून काढा. चोवीस तास चालू. रात्रीच त्याची जास्त गरज आहे.

अवकाशवेडा
अगदी असंच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झालंय! तिथे २०१४ मध्ये व्हेजी नावाची छोटी बाग बसवली. आकाराने आपल्या कप्प्यापेक्षाही लहानच, वर लाल, निळे, हिरवे एलईडी. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तिथलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं, त्याचे फोटो सगळीकडे आले. पण त्याच वर्षाच्या शेवटी लावलेल्या झिनिया या फुलझाडाची कथा जास्त कामाची आहे. पानांच्या कडांवर पाण्याचे थेंब, मग पानं वळली, मग बुरशी. इलाज काय केला, तर पंख्याचा वेग वाढवला. त्यानंतर झाडं कोरडी पडायला लागली, तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी वेळापत्रक बाजूला ठेवून नजरेने पाणी द्यायला घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये फूल आलं.

एवढी यंत्रणा असून त्यांची हवा कोंडली. तुमची अब्रू शाबूत आहे.

मृद्गंध
छान सांगितलंस.

आता एकेक बघू. आडवी झालेली रोपं म्हणजे मर. मातीतली बुरशी, ओल्या आणि कोंडलेल्या जागी कोवळ्या बुंध्याला जमिनीलगत धरते. पडलेली वाचत नाहीत, ती आणि त्यांच्या भोवतीचं कोकोपीट काढून टाक. उभी आहेत त्यांना वरून पाणी देणं बंद. ट्रेमध्ये खाली पाणी ओत, वीस मिनिटांनी उरलेलं काढून घे. वरचा थर कोरडा दिसला पाहिजे. ट्रे आणि कुंड्या साबणाने धुऊन वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नकोस. बी दाट टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ट्रेमध्ये बीला बी टेकलं तर चालेल, बीवर बी नको.

चिलटं. उडणारी त्रास देतात, पण खरं नुकसान मातीतल्या अळ्यांचं. त्या बुरशी खातात आणि बारीक मुळंही. पिवळे चिकट सापळे आडवे, कुंडीच्या अगदी जवळ लाव, त्यावर प्रौढ अडकतील. अळ्यांसाठी वरचा दोन-तीन सेंमी थर वाळू देणं हे सगळ्यात मोठं औषध, त्यांना ओल लागतेच. फारच झाली तर बीटीआय नावाचा जिवाणू मिळतो, पाण्यात कालवून घालायचा, तो त्या अळ्यांनाच लागू पडतो. अंड्यापासून प्रौढापर्यंत तीन-चार आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत चिलटं कमी दिसली की सोडून देऊ नकोस. महिनाभर नेट लाव.

आणि ट्रे भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. मागून हवा गेली पाहिजे.

खटपट्या
प्लायवूडच्या फळीवर काठ असलेला मोठा ट्रे टाका, सगळ्या कुंड्या त्यात. फळीच्या कापलेल्या कडेला ऑइलपेंटचा हात द्या, प्लाय तिथूनच पाणी पितो आणि फुगतो.

नवी_पालवी
अवांतर: झाडं घरातली हवा शुद्ध करतात ना? मग कपाटात बाग असली तर उलट वास जायला हवा होता.

अवकाशवेडा
ती १९८९ च्या नासाच्या अभ्यासाची कीर्ती. प्रयोग बंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. घरात जी हवा आपोआप बदलत असते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा हिशेब त्यात आहे. तेवढी लावलीत तर तुम्हाला बाहेर झोपावं लागेल.

पानवेल
(महिन्याने)
बातमी बरी आहे. पंखा चोवीस तास. रात्रीचा सगळ्यात मोठा आकडा आता ७२. भिंत कोरडी. सापळ्यावर पहिल्या आठवड्यात मोजता येत नव्हती इतकी चिलटं, गेल्या आठवड्यात चार. पांघरुणं पलंगातल्या पेटीत हलवली, त्या कप्प्यात आता कोकोपीट आणि रिकामे ट्रे. टोमॅटो पुन्हा पेरले, चौदापैकी तेरा उभे आहेत. लेट्यूसची बाहेरची पानं दोनदा काढून झाली.

पालक मात्र बिघडला. पाच-सहा पानं झाली आणि मधून दांडा वर आला, टोकाला बारीक कळ्या. खत कमी पडलं का?

मृद्गंध
खत नाही गं, टायमर. पालक लांब दिवसाचं झाड. दिवस चौदा तासांच्या वर गेला की त्याला वाटतं मोसम संपला, आता बी धरा. तू सोळा तास देतेयस. वर २९ अंशांची ऊब, तिने आणखी घाई केली. कोथिंबीरही असंच करते.

पालकाला दहा ते बारा तास. लेट्यूस आणि बेझिल मात्र सोळावर आनंदात आहेत, त्यांचे कमी करू नकोस.

खटपट्या
म्हणजे दुसरा कप्पा सुरू करायची वेळ झाली. पालक तिकडे, वेगळा टायमर, १२ तास. त्याला दोनशे मायक्रोमोल पडले तरी साडेआठ मोल होतात, पालकाला चालतील. पण आणखी साठ वॅट आले की उष्णताही दुप्पट, मग दुसरा पंखा घ्यावाच लागेल. वीज अशी: पहिला कप्पा १६ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, दुसरा १२ तास, पाऊण युनिटाहून थोडं कमी. दोन्ही कप्प्यांचे दिवे एकाच वेळी लावू नका, शक्य तेवढे आगेमागे ठेवा. एक रात्रीकडे सरकवला तर दुपारी कपाट कमी तापेल.

काकदृष्टी
मला एक कळलं, या धाग्यावर मुळ्यापेक्षा पंख्यावर जास्त चर्चा झाली.

साशंक
प्रश्न विचारतो, टोमणा नाही. ते तेरा टोमॅटो कपाटात मोठे करणार का? ७० सेंमीत?

पानवेल
नाही हो. मैत्रिणीला गच्ची आहे, तिला देणार. चार-पाच पानांची झालीत, बुंधे पेन्सिलीएवढे नाहीत पण ताठ आहेत. या रविवारी नेऊन थेट मोठ्या कुंडीत लावते.

मृद्गंध
थांब, थेट नको! तुझी रोपं जन्मापासून २२० मायक्रोमोलमध्ये आहेत. गच्चीवर भर दुपारी २००० च्या आसपास पडतात. वारा त्यांना फक्त त्या छोट्या पंख्याचा माहीत. रविवारी उन्हात ठेवलीस तर सोमवारी पानं पांढरी पडून कागदासारखी होतील.

सात ते दहा दिवस सवय करावी लागते. पहिले दोन दिवस तास-दोन तास सावलीत, वारा कमी असेल तिथे. मग सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, रोज थोडं थोडं वाढवत जायचं. पाणी तोडू नकोस, फक्त जरा हात आखडता घे. रात्री बाहेर राहायला लागली आणि सकाळी ताठ दिसली की मग मोठ्या कुंडीत. लावताना बुंधा पहिल्या पानांपर्यंत मातीत पुर, टोमॅटोला बुंध्यातून मुळं फुटतात.

पानवेल
बरं झालं विचारलं. मैत्रिणीच्या जिन्यात सावली आहे. उद्या ट्रे तिथे तासभर ठेवते आणि परत आणते. तेरा रोपं घेऊन रोज जिने चढायचे म्हणजे माझाही बुंधा जाड होणार.

साशंक
जिन्यात वारा बघा. तिथे खिडकी उघडी असेल तर भोवऱ्यासारखा येतो. ट्रेच्या एका बाजूला पुठ्ठा लावा, तो पांढरा.